नोंद, नाव आणि पुरावा : खानदेशातील काही शोधांच्या श्रेयाची चिकित्सा

विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत अलीकडे एक छापील अर्ज दिसू लागला आहे. प्रयोगशाळेत काही नवे हाती लागले, तर ते निबंधातून वा परिषदेत जाहीर करण्याआधी या अर्जावर संस्थेला कळवायचे असते. शोध कोणता, कल्पना प्रथम केव्हा सुचली, त्याआधी या विषयात काय झाले होते, पैसा कोणी पुरवला, शोधक कोण आणि प्रत्येकाचा वाटा किती टक्के, असे रकाने त्यात असतात. बाकीचे रकाने तासाभरात भरून होतात. शोधकांच्या नावांचा रकाना मात्र आठवडे खातो. विभागप्रमुखाचे नाव घालायचे का, यंत्र चालवणाऱ्या सहायकाचे घालायचे का, सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे काय, ज्याच्या शेतातून नमुना आणला त्याचे काय?

या प्रश्नांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली रीत श्रेयाला शिष्टाचार मानते. ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानावेत, ग्रंथाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे पान असावे, म्हणजे झाले. दुसरी रीत श्रेयाला मालमत्ता मानते. ज्याचे नाव त्याचा हिस्सा, म्हणून नावे जितकी कमी तितके बरे. दोन्ही रीतींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की शोध वेगळा आणि श्रेय वेगळे. शोध आधी सिद्ध होतो आणि श्रेयाचे वाटप मागाहून होते.

हे गृहीतक तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शोधाची नोंद करताना घेतलेले नाव हा त्या शोधाच्या पुराव्याचाच भाग असतो आणि नाव गळले की शोधही तेवढ्यापुरता लंगडा होतो, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत बाराव्या-तेराव्या शतकापासून आजपर्यंत नोंद आणि नाव यांचा जो संबंध दिसतो, तो क्रमाने पाहिला तरी पुरे.

१. पाटणचा दगड

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे ठिकाण आहे. तेथील भवानीच्या देवळातला शिलालेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला आणि १८९२ मध्ये कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. लेख शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०७चा. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने आपला आजा भास्कराचार्य याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्याला दान दिले, असा त्याचा आशय आहे. ‘सिद्धांतशिरोमणि’ आदी भास्कराचे ग्रंथ आणि त्याच्या वंशातील इतरांचे ग्रंथ या मठात नेमाने सांगितले जावेत, अशी अट त्यात आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर एका संशोधन संस्थेच्या स्थापनेची ही सनद आहे.

तिच्याकडे श्रेयाची नोंद म्हणून पाहिले तर काय दिसते? आरंभी कुळाची नावे येतात : त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, त्याचा पुत्र गणिती भास्कर, त्याचा लक्ष्मीधर आणि त्याचा चांगदेव. प्रत्येक नावाला काहीतरी जोडलेले आहे. भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली, लक्ष्मीधराला जैत्रपालाने याच पाटणातून बोलावून नेऊन पंडितांत अग्रस्थान दिले, असे तपशील येतात. पुढे दाते येतात. आणि शेवटी संस्कृत थांबून मराठी सुरू होते. हा भाग जुन्या मराठीच्या अभ्यासकांना विशेष मोलाचा वाटत आला आहे. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले आहे, घाण्यामागे पळीभर तेल दिले आहे, असा सारा व्यवहार बाजारच्या बोलीत नोंदला आहे.

या भाषाबदलाकडे केवळ भाषाशास्त्रीय कुतूहल म्हणून पाहू नये. वंश आणि विद्या यांची नोंद ज्यांच्यासाठी आहे ते संस्कृत वाचणारे आहेत. तेल्याने किती तेल द्यायचे आणि व्यापाऱ्याने किती कर भरायचा, ही नोंद मात्र जे ते देणार त्यांना कळेल अशा भाषेत हवी. ज्या नोंदीवर पुढे तंटा होऊ शकतो, ती नोंद संबंधितांना वाचता आली पाहिजे, हे लेख घडवणाऱ्याला १२०७ मध्ये उमगले होते. आजचे किती अर्ज या कसोटीला उतरतात, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

या श्रेयपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात श्रेय रक्ताच्या नात्याने वाहते. बापाकडून मुलाकडे, आज्याकडून नातवाकडे. पाटणच्या पेठेतला तेली दात्याइतकाच मठाचा पोशिंदा होता, पण तो येतो तो घाण्याच्या रूपाने. दगडावर जागा मर्यादित असते हे खरे, पण ती कोणाला मिळते हे जागेवर अवलंबून नसते. तरीही याच घराण्याचा दुसरा लेख एक पाऊल पुढे जातो. चाळीसगाव तालुक्यातच बहाळ येथे १२२२चा लेख आहे. भास्कराचा भाऊ श्रीपती याचा नातू अनंतदेव याने बांधलेल्या भवानीच्या देवळाचा तो लेख. त्यात अनंतदेवाच्या विद्वत्तेचा गौरव आहेच, शिवाय ही प्रशस्ती त्याचा भाऊ महेश्वर याने रचली, हेही कोरून ठेवले आहे. ज्याच्याविषयी लिहिले तो आणि ज्याने लिहिले तो, अशी दोन वेगळी नावे. पुढच्या चर्चेला हा भेद फार उपयोगी आहे.

२. ज्याचे नाव घेतले तो उरला

भास्कराचार्यांचे जन्मस्थान कोणते यावर वाद आहे. त्यांच्या विद्येचा मठ पाटणला झाला यावर नाही. तेव्हा त्या मठात जे ग्रंथ सांगितले जाणार होते, त्यांत श्रेयाची रीत कशी होती हे पाहणे योग्य ठरेल.

‘बीजगणिता’च्या अखेरीस भास्कराचार्य सांगतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत आहेत, म्हणून त्यांतील सार आपण घेतले आहे. वरवर पाहता हा रिवाजी ऋणनिर्देश आहे. पण यातील श्रीधर आणि पद्मनाभ या दोघांची बीजगणिते आज नष्ट झाली आहेत. श्रीधराचे पाटीगणित उरले, बीजगणित उरले नाही. वर्गसमीकरण सोडवण्याची त्याची रीत, म्हणजे दोन्ही बाजूंना वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने गुणून त्यांत अव्यक्ताच्या मूळ गुणकाचा वर्ग मिळवण्याची युक्ती, आज श्रीधराच्या नावाने ओळखली जाते, ती मुख्यतः भास्कराचार्यांनी त्याचे नाव घेऊन त्याचे सूत्र उतरून ठेवले म्हणून. नाव न घेता रीत तेवढी वापरली असती, तर ती भास्कराचीच ठरली असती आणि आपल्याला चूक कधी कळलीही नसती. पद्मनाभाचे तर या कामातले नाव मुख्यत्वे अशाच उल्लेखांनी टिकले आहे.

आता याची दुसरी बाजू. वर्गप्रकृतीचे समीकरण पूर्णांकांत सोडवण्याची चक्रवाल रीत भास्कराचार्यांच्या कीर्तीचा कळस मानली जाते. एकसष्टने गुणलेल्या वर्गात एक मिळवला असता पुन्हा वर्ग व्हावा, असे लहानांत लहान उत्तर त्यांनी काढले. त्यातली मोठी संख्या १७६६३१९०४९ आहे आणि लहान २२६१५३९८०. फ्रान्सच्या फर्मा याने हेच उदाहरण १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे टाकले, त्याच्या पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट. पण चक्रवाल सांगताना भास्कराचार्य ‘याला चक्रवाल म्हणतात’ एवढेच सांगतात. कोण म्हणतात, ते सांगत नाहीत. रीत आपली नाही याची प्रामाणिक कबुली त्या क्रियापदात आहे, पण नाव नाही. त्यामुळे शतकानुशतके ती त्यांच्याच खात्यावर जमा राहिली. १९५४ मध्ये लखनौच्या कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या १०७३ मधील ‘सुंदरी’ टीकेत उद्धृत झालेली जयदेव नावाच्या आचार्याची सूत्रे पुढे आणली आणि चक्रवाल निदान पाऊण शतक तरी आधीची असल्याचे दिसून आले. जयदेव वाचला तो उदयदिवाकराने त्याचे नाव घेतले म्हणून.

याचा अर्थ भास्कराचार्य लहान ठरले असा नाही. कठीण उदाहरणे निवडून रीतीची ताकद दाखवणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांच्याच नावावर राहील. पण एकाच ग्रंथात नाव घेतल्याचा आणि न घेतल्याचा परिणाम असा शेजारी शेजारी पाहायला मिळतो. जिथे नाव आहे तिथे हरवलेला ग्रंथही अंशतः जिवंत राहिला. जिथे ‘म्हणतात’ एवढेच आहे तिथे इतिहास आठशे वर्षे चुकला. युरोपात तर या समीकरणाला पेलचे समीकरण म्हणतात. ऑयलरच्या एका गैरसमजुतीतून ते नाव पडले, आणि इंग्लंडच्या ज्या ब्राउंकरने फर्माच्या आव्हानाला उत्तर दिले त्याचे नाव मागे राहिले. चुकीचे श्रेय एकदा छापले की ते दुरुस्त करणाऱ्यालाही त्याच नावाने बोलावे लागते.

३. धुळ्याची दप्तरे

खानदेशाचे दुसरे विद्याकेंद्र धुळे. तेथे श्रेयाचा प्रश्न गणितातून कागदपत्रांकडे वळतो. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापली, रामदासी मठांतून बाडे गोळा केली आणि पुढे त्यांच्यासाठी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. देवांनी १९०५ मध्ये दासबोध छापला, तो डोमगावच्या मठातील प्रतीवरून. ही प्रत समर्थशिष्य कल्याणांच्या हातची. तिचे महत्त्व सांगताना देवांना दोन नावे घ्यावी लागली. ग्रंथ रामदासांचा, अक्षर कल्याणांचे. दुसरे नाव गाळले, तर ‘हीच प्रत का विश्वसनीय’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

जुन्या मराठीत ‘लेखक’ या शब्दाचा अर्थच मुळी लिहून घेणारा असा होता. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओवीत टीकेचा शक आणि टीकाकाराचे नाव यांच्या जोडीने सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले, हेही सांगितले आहे. पोथ्यांच्या पुष्पिकांत कर्ता, लेखक, ज्याच्यासाठी लिहिली तो, स्थळ, शक आणि तिथी अशी सारी माहिती यायची. जगभरची शास्त्रीय नियतकालिके आता निबंधाच्या अखेरीस कल्पना कोणाची, प्रयोग कोणाचा, आकडेवारी कोणी सांभाळली, पहिला मसुदा कोणाचा अशी योगदानाच्या चौदा भूमिकांची यादी मागू लागली आहेत. ती वाचताना आपल्या पुष्पिकेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुढे छापखाना आला, मुखपृष्ठावर एकच नाव मावू लागले, आणि ‘लेखक’ या शब्दाने कर्त्याचीच जागा घेतली. लिहून घेणाऱ्याला स्वतःचा शब्दही उरला नाही.

वि. का. राजवाडे यांचा धुळ्याशी संबंध त्यांच्या अखेरच्या पर्वाचा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. १८९८ पासून बाहेर पडलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड हा मराठी संशोधनाचा पाया मानला जातो. बखरींपेक्षा अस्सल कागदाचा कपटाही मोलाचा, हा त्यांचा आग्रह होता. आता कागद अस्सल कशाने ठरतो? अक्षर, शिक्का, तिथी यांनी ठरतो, पण तितकाच तो कोणाच्या घरात, कोणत्या दप्तरात सापडला यानेही ठरतो. दप्तर सांभाळणाऱ्या घराण्याचे नाव ही राजवाड्यांच्या पद्धतीत सौजन्याची बाब राहत नाही. तो कागदाचा जन्मदाखलाच असतो. नोंद आणि नाव एकजीव असल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे नसेल.

म्हणूनच राजवाड्यांच्या बाबतीत जिथे हा दाखला कच्चा राहिला, तिथे त्यांची सर्वांत मोठी कामगिरीही वादात सापडली. बीडजवळ पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व प्रत म्हणून संहिता छापली. त्या भाषेवर त्यांनी व्याकरण रचले आणि मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाला नवी दिशा दिली. पण ती मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना तपासायला उरली नाही. प्रतिभेचे काम वाचकापुढे आहे आणि ज्यावर ते उभे आहे ते नाही, अशी स्थिती झाली. राजवाड्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण शोध एकट्याच्या हाती राहिला, त्याचे साक्षीदार नोंदले गेले नाहीत, की प्रामाणिक माणसालाही केवळ शब्दावर विश्वास ठेवा म्हणण्यापलीकडे काही सांगता येत नाही. शोधकाचा स्वभाव आणि शोधाची नोंद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात त्या यासाठी. संस्था असते ती याच कामासाठी. राजवाड्यांच्या टिपणांचा ‘मराठी धातुकोश’ मंडळाने त्यांच्या मागे, १९३७ मध्ये, कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. ग्रंथावर राजवाड्यांचे नाव आणि संपादक म्हणून कुलकर्णींचे, अशी दोन्ही नावे असल्यामुळेच आजचा वाचक एखादी व्युत्पत्ती कोणाच्या पदरात घालावी, हा प्रश्न तरी विचारू शकतो.

भाऊ दाजींच्या बाबतीतही अशीच एक आठवण नोंदली पाहिजे. कोरीव लेखांवरच्या त्यांच्या कामामागे भगवानलाल इंद्रजी यांची भटकंती आणि त्यांनी घेतलेले ठसे मोठ्या प्रमाणात होते. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेल्यावर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले, आणि मग आधीच्या कामातला त्यांचा वाटा लोकांच्या ध्यानात आला. दुसऱ्याचे नाव उजेडात यायला पहिल्याचा मृत्यू व्हावा लागतो, ही कोणत्याही संस्थेला शोभणारी गोष्ट नव्हे.

लिहून घेणाऱ्यांच्या या मालिकेत जळगावचे सर्वांत ठळक उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. आसोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीच्या ओव्या सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. त्यामुळे या कवितेत त्यांचा हात किती, अशी शंका अधूनमधून बोलली जाते. टीकाकाराने या शंकेला भिण्याचे कारण नाही, कारण ती तपासण्याचे साधन मुळातच दिलेले आहे. टिपणारे दोन होते, त्यांची नावे ठाऊक आहेत, आणि सोपानदेवांची स्वतःची कविता स्वतंत्रपणे छापलेली आहे. दोहोंची बोली, प्रतिमांचा संसार, शेतीच्या कामाची बारीक माहिती शेजारी ठेवून पाहता येते. पितांबर चौधरींचे नाव मात्र शाळेच्या पाठ्यपुस्तकापर्यंत क्वचितच पोहोचते. ते पोहोचले तर बहिणाबाईंचे काही उणे होणार नाही. उलट, शंका घेणाऱ्यापुढे एक साक्षीदार वाढेल.

४. शेंग आणि भात

१९९० मध्ये जळगावला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. लिहिता न येणाऱ्या स्त्रीचे नाव लेखी ज्ञानाच्या संस्थेला मिळाले, ही गोष्ट जितकी अभिमानाची तितकीच जबाबदारीची आहे. कारण ज्यांचे ज्ञान लेखी नाही, त्यांच्या श्रेयाचा प्रश्न शेतीच्या संशोधनात आजही तसाच उभा आहे.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून १९७०च्या दशकाच्या अखेरीस भुईमुगाचा ‘जेएल-२४’ हा वाण बाहेर पडला. ‘फुले प्रगती’ हे त्याचे दुसरे नाव. परदेशातून आलेल्या ‘ईसी ९४९४३’ या नमुन्यातून निवड करून तो तयार झाला. या नावांकडे नोंद म्हणून पाहावे. ‘ईसी’ ही अक्षरे बियाणे परदेशातून आल्याचे सांगतात, ‘जेएल’ जळगावचे, ‘फुले’ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. एका वाणाच्या दोन-तीन नावांत त्याचा सारा प्रवास आहे. लवकर निघणारा हा वाण पुढे देशाबाहेरही गेला, आणि आफ्रिकेतील मलावी देशात तो ‘काकोमा’ या नावाने प्रसारित झाला. तिथल्या शेतकऱ्याला त्याच्या जिभेवर रुळेल असे नाव मिळाले, यात वावगे काही नाही. पण त्या नावात जळगाव उरले नाही. संशोधन केंद्रांच्या दप्तरात ‘काकोमा म्हणजे जेएल-२४’ ही ओळ आहे, तोवर धागा शाबूत आहे. ओळ हरवली की उद्या कोणी काकोमातून नवा वाण काढील आणि त्याच्या वंशावळीचा आरंभ मलावीतच झाला असे समजेल.

दुसरे उदाहरण विदर्भातले आहे, पण महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार त्याला वगळून करता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३च्या सुमारास आपल्या शेतात पटेल-३ या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या आणि त्या बारीक तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. नव्वदच्या दशकात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडचे बियाणे नेले आणि पुढे ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. बियाणे शुद्ध करणे, चाचण्या घेणे, शिफारस करणे हे विद्यापीठाचे काम खरेच आहे आणि ते कमी लेखू नये. पण मूळ निवड करणाऱ्याला त्याच्या कामाची मान्यता मिळायला झगडावे लागले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये ते गेले, तोवर त्यांचे नाव वर्तमानपत्रांत अनेकदा झळकले होते, पण घरची ओढग्रस्त संपली नव्हती.

या प्रकरणात नावानेच साक्ष दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विद्यापीठाने आपली तीन अक्षरे पुढे जोडली, पण ‘एचएमटी’ पुसता आले नाही, कारण बाजार त्याच नावाने तांदूळ मागत होता. कोणत्याही वैज्ञानिक केंद्राने आपल्या वाणाला घड्याळाच्या कंपनीचे नाव दिले नसते. ते नाव शेतातून आले आहे, हे नावच सांगते. नोंदवहीने जे गाळले ते बोलीने राखले. पाटणच्या दगडावर संस्कृत संपून मराठी सुरू होते, तिथलेच हे तत्त्व.

५. अर्जातला रकाना

आता आरंभीच्या अर्जाकडे वळू. आपला कायदा या बाबतीत सामान्य समजुतीपेक्षा पुष्कळ शहाणा आहे. १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम २८ प्रमाणे खऱ्या शोधकाला पेटंटमध्ये आपले नाव शोधक म्हणून नोंदवून घेता येते, आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे की या नोंदीमुळे पेटंटवरील हक्क वाढत नाहीत किंवा कमीही होत नाहीत. म्हणजे नाव आणि पैसा यांची फारकत कायद्यानेच केली आहे. ज्या नोंदीने एक रुपयाही मिळत नाही, ती कायद्याला हवी का असावी? कारण ती खरी असणे शोधाच्या वैधतेला आवश्यक आहे. दुसऱ्याकडून अनधिकाराने मिळवलेल्या शोधाचे पेटंट रद्द होऊ शकते. शोधात जैविक सामग्री वापरली असेल तर तिचा स्रोत आणि भौगोलिक उगम सांगावा लागतो, आणि तो लपवला तर तेही पेटंटला विरोधाचे कारण ठरते. २००१चा पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा याहून पुढे जातो. नव्या वाणाच्या नोंदणी अर्जात मूळ वाणांची माहिती, ते कोठून आणले ते ठिकाण आणि शेतकरी किंवा गावसमाज यांचे काही योगदान असल्यास तेही द्यावे, असे त्याच्या कलम १८ मध्ये सांगितले आहे. राजवाड्यांनी कागदाकडून जो जन्मदाखला मागितला, तोच कायदा बियाण्याकडून मागतो.

अडचण आहे ती संस्थांच्या व्यवहारात. एक तर नोंद उशिरा होते. परिषदेत निबंध वाचून झाला, बातमी छापून आली, मग पेटंटची आठवण होते, आणि तोवर काही तुरळक अपवाद सोडले तर शोधाचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपलेले असते. उशिरा केलेल्या नोंदीत नावेही आठवणीवर विसंबून लिहिली जातात, आणि माणसाची आठवण अधिकाराच्या बाजूने झुकते. दुसरे असे की टक्केवारीचा एकच रकाना सगळ्या भूमिका एका मापाने मोजतो. ज्याला कल्पना सुचली, ज्याने ती यंत्रावर उतरवली, ज्याने नमुना दिला आणि ज्याने खोली व निधी दिला, हे चौघे चार प्रकारचे आहेत. केवळ सांगितलेले काम हाताने करणाऱ्याला कायदा शोधक म्हणत नाही, हे योग्यच आहे. पण शोधक नाही म्हणून तो नोंदीतच नसावा, हे कोठून आले? बहाळच्या लेखात अनंतदेव आणि महेश्वर यांची टक्केवारी नाही. एक देऊळ बांधणारा आहे, दुसरा प्रशस्ती रचणारा आहे, आणि दोघेही आपापल्या जागी पूर्ण आहेत.

यावर कोणी म्हणेल की नावे वाढवली की श्रेय पातळ होते. विभागप्रमुखाचे नाव रिवाज म्हणून घुसडले, तर ते होतेच. आणि त्याने पुरावाही बिघडतो, कारण ज्याला प्रश्न विचारायचा तो उत्तर देऊ शकत नाही. नाव घालण्याची कसोटी यातूनच मिळते. शोधाबद्दल उद्या वाद झाला तर या माणसाला साक्षीला बोलवावे लागेल का? बोलवावे लागेल तर त्याचे नाव, त्याच्या भूमिकेसह, हवे. लागणार नसेल तर तो कितीही मोठा असो, त्याची जागा आभाराच्या पानावर आहे.

एवढे मान्य केले तर करायच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रयोगवहीत त्या त्या दिवशी कोण हजर होते ते त्याच दिवशी लिहावे. अर्जात शोधक, प्रयोग करणारा, नमुना देणारा, टिपणारा असे वेगळे रकाने असावेत. शेतकऱ्याकडून बियाणे किंवा माहिती घेतली तर त्याची पोच मराठीत, त्याला वाचता येईल अशी, त्याच्या हातात द्यावी आणि तिची प्रत संस्थेच्या दप्तरात राहावी. जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते अनेकांच्या सामाईक श्रेयाला मिळालेले कायदेशीर रूप आहे. पण सामाईक श्रेयाच्या आड एखाद्या विशिष्ट शेतकऱ्याची विशिष्ट निवड लपू नये, एवढी काळजी संस्थांनाच घ्यावी लागेल.

श्रीधराचे बीजगणित हरवले, पाटांगणची पोथी हरवली. श्रीधराची रीत आजही सांगता येते, पाटांगणच्या पोथीचा वाद मिटवता येत नाही. दोन्हींमधला फरक एवढाच की एकीकडे दुसऱ्या कोणीतरी नाव आणि उतारा वेळेवर लिहून ठेवला होता. संशोधन संस्थेच्या अर्जातल्या त्या रकान्यापुढे पेन अडखळते तेव्हा तिथे बसलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिथे लिहिलेले प्रत्येक खरे नाव त्यांच्याच शोधाच्या बाजूने कधीतरी साक्ष देणार आहे.